पाव्हण्याचे सोळा आठवडे

६ फेब्रुवारी, गुरुवार
मानोऱ्याच्या लग्नातून दुपारी परत. सातशे पान. पुऱ्या मी आणि दोघी. वांग्याची भाजी फोडणीपासून शेवटपर्यंत माझी. बाबुराव आचारी नेहमीप्रमाणे झारा हातात घेऊन फोटोपुरते.
पाव्हणा फाटकाशी आला नाही. पडल्या जागेवरून शेपटी हलवली. जवळ बसून मान खाजवली तर जबड्याखाली दोन्हीकडे गाठी, लिंबाएवढ्या. दाबल्या तरी कुरकुरला नाही. मागच्या गुडघ्यांच्या मागेही एकेक.
हे म्हणाले, "थंडीनं सुजलं असन."
फेब्रुवारीत इंझोरीला कसली थंडी.

१० फेब्रुवारी, सोमवार
रफिकभाऊच्या टेम्पोतून मानोऱ्याला, जनावरांच्या डॉक्टरांकडे. रफिकभाऊ आमची भांडी वाहतो, त्याला पाव्हण्याची सवय आहे. पाव्हणाही टेम्पोतूनच आलेला, दोन वर्षांपूर्वी. मंगल कार्यालयाच्या मागे पत्रावळ्यांच्या ढिगावर गावची कुत्री तुटून पडलेली आणि हा बाजूला बसून. कुणी बोलावेल तेव्हा जेवू, असा. गळ्यातला पट्टा कातडीत रुतलेला, मालकाचा पत्ता नाही. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, लॅब्राडोरची मिसळ आहे, दहा वर्षांचा तरी असेल, कुणीतरी म्हातारा झाला म्हणून सोडला. मी त्याला कढई आणि परातींच्या मधे बसवून घरी आणला. हे म्हणाले, "हा तं पाव्हना दिसते. चार दिवस राहीन अन् जाईन." नाव पडलं. गेला कुठे.
आज डॉक्टरांनी गाठीत सुई घालून काचेवर थेंब घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, अकोल्याले दाखवा. माह्या हातचं नाई हे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
अकोला. जनावरांचा खासगी दवाखाना, डॉक्टरीण बाई माझ्या पल्लवीच्या वयाच्या. नीट बसवून सांगितलं. कॅन्सर आहे, गाठींचा, अंगभर फिरणारा. कापून निघत नाही. शिरेतून इंजेक्शन, दर आठवड्याला, सोबत गोळ्या. सोळा आठवडे. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. पूर्ण बरा होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. काही महिने, कदाचित वर्ष, चांगले जातील असं म्हणाल्या.
मी विचारलं, "अन् नाई केलं तं?"
"दीड-दोन महिने."
खर्चाचा आकडा कागदावर लिहून दिला. मी इथे लिहीत नाही. पुऱ्या लाटायच्या मजुरीत तो जवळजवळ एका वर्षाचा होतो.
बाई म्हणाल्या, घरी विचार करा, नाही म्हणालात तरी मी वाईट समजणार नाही. चांगल्या आहेत. पण त्या असं म्हणाल्यावर मला उलट राग आला. कुणाचा ते कळलं नाही.

१४ फेब्रुवारी
यांच्याशी बोलणं. हे कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते, आता घरीच. कमी बोलतात.
"म्हातारा कुत्रा हाय, सुमन. दोन वर्षं सुखानं राह्यला. माणसाले भेटत नाई एवढं."
खरं आहे. माझ्या आईला मिळालं नव्हतं. तिच्या छातीतली गाठ सगळ्यांना माहीत होती, अकोल्याला कुणी नेली नाही. तेव्हा मी एकवीस वर्षांची, माझ्या हातात विचारण्याइतकंही काही नव्हतं.
आता हात आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पल्लवी वाशीमहून आली. वकिलाकडे टायपिंग करते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. आल्या आल्या म्हणाली, "आई, माह्याजवळ क्लासचे पैसे हायेत, ते घे." घेणार नाही म्हटलं.
मग म्हणाली तिची मैत्रीण मोबाइलवर व्हिडिओ टाकते, कुत्र्याचा चेहरा दाखवायचा, लोक पैसे पाठवतात. वाईट नाही त्यात काही. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांनी जरूर करावं. पण माझे चालतात. पंचवीस वर्षं मी लोकांना जेवू घालते. माझ्या पाव्हण्यासाठी केविलवाणं तोंड करून दाखवायची वेळ अजून आली नाही.
पल्लवी: "मंग करशीन काय?"
माहीत नव्हतं. म्हटलं, "उद्या सांगतो."

१६ फेब्रुवारी, रविवार
बाबुरावांकडे गेले. ओट्यावर पान लावत बसलेले. सरळ सांगितलं, भाजी, वरण, कढी सगळं मी करते, मला आचाऱ्याच्या बरोबरीची मजुरी द्या.
ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान पोर काही बोलल्यावर हसतात तसे.
"सुमनबाई, पुऱ्यावालीले आचाऱ्याचा भाव कसा देऊ? ऑर्डर कोनाच्या नावानं येते?"
"तुमच्या."
"मंग?"
परत येताना वाटभर त्यांचा प्रश्न डोक्यात. ऑर्डर कोणाच्या नावाने येते. बरोबरच आहे माणसाचं.
घरी येऊन यांना म्हटलं, मी माझ्या नावाने ऑर्डर घेणार. हे म्हणाले, "कांदे कोन चिरीन?"
"तुमी."
उठून बाहेर गेले. मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने विळा पाजळून घेऊन आले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पहिलं इंजेक्शन. घरात होतं नव्हतं त्यात आजचं आणि पुढचं भागलं.
औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं, म्हणून बाई म्हणाल्या हलू देऊ नका. पुढचा पाय मी धरला. पा. (पूर्ण नाव लिहायचा कंटाळा) हलला नाही. आपलं सगळं वजन माझ्या पोटावर टाकून उभा राहिला, त्याची सवयच आहे ती. बाई म्हणाल्या, "असा पेशंट माणसांतही मिळत नाही."
मला उगाच गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. पोराने शाळेत नंबर काढल्यासारखं.

२३ फेब्रुवारी, रविवार
माझ्या नावाची पहिली ऑर्डर. आमच्याच वस्तीतलं बारसं, एकशेवीस पान. दीडशे माणसांचं वरण मावेल एवढा गंज आणि कढई भाड्याने, रफिकभाऊने आणून दिली, म्हणाला टेम्पोचे नंतर. मी म्हटलं आजच घे. घेतले.
वरण-बट्टी, वांग्याची भाजी, कढी. हे कांदे चिरून रडले, मग सांभाराच्या हिरव्या जुड्याही निवडल्या. लोकांना मजा वाटली, "देविदासभाऊ सैपाकात!" हे मान खाली घालून चिरत राहिले.
कढीत मीठ कमी पडलं. कुणी बोललं नाही पण मला माहीत आहे. मोठ्या गंजात अंदाज चुकतो. बाबुरावांच्या हाताखाली मीठ नेहमी तेच टाकायचे, तेवढं एक.
लिहून ठेवते. परत चुकणार नाही.

२६ फेब्रुवारी
गाठी अर्ध्या झाल्या. खरंच. लिंबाएवढ्या होत्या त्या बोराएवढ्या. यांना हात लावून बघायला लावलं. हे म्हणाले, "औषध लागू पडलं म्हनजे." आणि मग स्वतःच दिवसातून चारदा बघायला लागले.

५ मार्च, बुधवार
तीन इंजेक्शनं झाली. पा. जेवत नाही. परवापासून. बाईंनी सांगितलं होतं असं होईल, मळमळ होते. गोळी दिली आहे त्याची.
दूध-पोळी नको. अंडं नको. शेजारच्या कुसुमने मटणाचं हाडूक दिलं, ते हुंगून तोंड फिरवलं. कुसुम त्याच तोंडाने म्हणाली, "माणसायले औषध नाई अन् कुत्र्याले सलाइन." मी म्हटलं, "माह्या झाऱ्याचं हाय, कोनाच्या खिशातलं नाई." बोलून झाल्यावर वाटलं, तिने हाडूक दिलं होतं बिचारीने.
सातशे माणसं जेवू घालणारी बाई आणि एका कुत्र्याच्या पोटात घास जात नाही. ओसरीवर बसले होते तशीच.

६ मार्च
ज्वारीच्या कण्या शिजवल्या, पातळ, मीठ नाही, ताक. माझ्यासाठीच केल्या होत्या, मलाही जेवण जात नव्हतं. माझ्या ताटाशी येऊन उभा राहिला. बोटावर दिलं, चाटलं. मग पूर्ण ताट. मी कोरडी भाकर खाल्ली. इतकी गोड भाकर कधी लागली नव्हती.

१० मार्च, सोमवार
काल साखरपुडा, अडीचशे पान, मानोऱ्याजवळच्या तांड्यावर. बारशाला जेवलेल्या एका बाईने सांगितलं म्हणे. मीठ बरोबर. जिलबीला मात्र वेगळा माणूस लावला, ते माझं काम नाही हे कबूल.
आजचं चौथं इंजेक्शन यातून. आता बाकीची मानोऱ्याचे डॉक्टरच देणार. अकोल्याच्या बाईंनी त्यांना फोनवर सगळं समजावलं. ते आधी घाबरत होते. म्हणाले, "गाई-म्हशीचे हात हायेत माहे, बाई." मी म्हटलं, "गाईची शीर सापडते तं याची काहून नाई सापडनार." सापडली.

१८ मार्च
पा.च्या मिशा गळल्या. बाकी केस तसेच, फक्त मिशा. चेहरा एकदम कोवळा दिसतो. हे म्हणाले, "नवरदेवासारका दाढी करून बसला."
यांनी दोन वर्षांत त्याचं केलेलं पहिलं कौतुक.

२७ मार्च, गुरुवार
मोठी गोष्ट. दिगांबर पाटलांच्या घरून बोलावणं. त्यांच्या मुलीचं लग्न २० एप्रिलला गावातच, सहाशे पान. बाबुरावांनी त्या तारखेला कारंज्याचं मोठं लग्न धरलं आहे, म्हणून.
ओसरीवर पाटील, त्यांच्या घरच्या शोभावैनी, आणि एक चुलते, पाहुणे आलेले. वैनींनी पदार्थ विचारले, मी सांगितले. चहा आला. चुलत्यांनी पाटलांना बाजूला केल्यासारखं करून, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं, "पुऱ्या लाटल्या तं ठीक हाय. पन सबन सैपाक तिच्या हातचा? आपल्या कार्यात?"
कशासाठी म्हणाले ते मला समजलं, त्यांनाही माहीत की मला समजलं. आमच्या वस्तीत जन्मलेल्या बाईला हे समजायला शाळा लागत नाही. बशी खाली ठेवली. उठावं की बसावं ते ठरत नव्हतं.
पाटील जमिनीकडे बघत होते. शोभावैनी बोलल्या, आवाज न चढवता.
"काका, पंचवीस वर्षं झाले तुमी आमच्या घरच्या कार्यात तिच्याच हातची भाजी खाऊन राह्यले. नाव तेवढं बाबुरावचं होतं."
मग वैनींनीच मला विचारलं, "बयाना आता घेता का?"
घेतला. दोन्ही हातांनी नाही. एका हाताने, सरळ.

२८ मार्च
काल रात्री हे म्हणाले, नको करू तिथे, आपल्याला काय कमी आहे. मी म्हटलं, कमी आहे. अजून दहा इंजेक्शनं कमी आहेत. आणि दुसरंही आहे, ते पैशाचं नाही.
हे म्हणाले, "मंग चांगलं कर. असं कर का बोलनाऱ्याच्या तोंडात घास राहीन."

७ एप्रिल, सोमवार
रक्तात पांढऱ्या पेशी कमी. आजचं इंजेक्शन दिलं नाही, आठवडा थांबायचं. डॉक्टर म्हणाले ताप आला तर लगेच आणा, दिवस बघू नका.
पल्लवी म्हणाली सुट्टी काढून येते लग्नाच्या कामाला. अभ्यास कर म्हटलं. ऐकणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. विहारासमोर गावजेवण, मीच केलं, हे आणि वस्तीतल्या सात-आठ बाया सोबत. याचे पैसे घेत नाही, घेणारही नाही. बाबासाहेबांच्या नावाच्या जेवणाला मजुरी लावायची नसते.
आज दुपारीच डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पेशी बऱ्या होत्या. रफिकभाऊने नेऊन आणलं. त्याला पैसे देऊ केले, म्हणाला, "आजच्या दिवसाचे तू घेऊन राह्यली का? मंग मी कायले घेऊ."
पा. मिरवणुकीतल्या ढोलाला घाबरला नाही. भिंतीला टेकून बघत राहिला, म्हातारे बसतात त्यांच्या रांगेत.

१९ एप्रिल, शनिवार
उद्या लग्न. भाजीत घालायचा येसर मसाला दोन दिवसांपूर्वीच भाजून कुटला. वांगी आली, छोटी, काटेरी, हवी तशी. दोन पोती कांदे.
संध्याकाळी पा. तापला. कान गरम, उभा राहीना. डॉक्टरांना फोन. म्हणाले सकाळी सातला आणा, रविवार असला तरी उघडतो.
सकाळी सातला माझ्या भट्ट्या पेटलेल्या असतील.
पल्लवी म्हणाली मी नेते. हे म्हणाले, "तू आईजौळ राह्य. मी जातो." यांनी आजपर्यंत पा.ला कधी उचललं नाही. तीस किलो आहे.

२० एप्रिल, रविवार
बसून लिहिते, उभं राहवत नाही.
पाचला भट्ट्या. सहाला हे आले, पा.ला दोन्ही हातांवर घेऊन, नवजात वासरू घेतात तसं. टेम्पोत चढताना यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही, फोडणी जळाली असती.
वरण झालं. बट्ट्या झाल्या. भाजी दोन गंजांत, दोन्हीची चव एक यायला हवी, तिथेच लोक फसतात. दर अर्ध्या तासाने फोनकडे हात जायचा, पिठाने माखलेला. पल्लवी म्हणाली, "आई, फोन माह्याजौळ दे. आला का सांगतो." दिला.
साडेनऊला ती आली. म्हणाली, "सलाइन लावलं. बाबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले हायेत. ताप उतरून राह्यला." बस एवढंच. मी कढीत मीठ टाकलं.
पंगती बाराला. सहाशेचे सातशे झाले, होतातच. पुरलं. शेवटच्या पंगतीलाही भाजी गरम.
ते चुलते दुसऱ्या पंगतीत बसले. मी झाकणाआडून बघत होते, कशाला खोटं लिहू. भाजी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा वाढपी आपणहून गेला तर हात आडवा केला नाही.
माझ्याकडे आले नाहीत, काही बोलले नाहीत. नकोच होतं मला. वाटी कोरडी करून उठले, ते पुरेसं.
शोभावैनींनी निघताना साडी दिली, ओटी भरून. बाकीचे पैसे सगळ्यांसमोर दिले. त्यांना मुद्दाम सगळ्यांसमोर द्यायचे होते, हे माझ्या लक्षात आलं.
घरी आले तर हे ओसरीवर, पा. त्यांच्या पायावर झोपलेला. यांचा सदरा सगळा ओला. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काई नाई. त्यानं मुतलं. डॉक्टर म्हने हातमोजे घाला, औषध असते त्यात. मी म्हनलं, आता कायचे मोजे."
मग म्हणाले, "जेवन कसं झालं?"
"उरलं नाई."
हे हसले. मी हसले. खूप दिवसांनी.

२ मे, शुक्रवार
बाबुराव आले घरी. पहिल्यांदा. पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "पाटलाच्या भाजीचं बम नाव झालं. काय टाकलं होतं?"
"तेच, जे पंचवीस वर्षं टाकून राह्यली. तुमी कधी विचारलं नाई."
चंची काढून पान पुसायला लागले. मग म्हणाले पुढच्या हंगामात बरोबरीने करू, अर्धे अर्धे. म्हटलं, बघू. ऑर्डर माझ्या नावाने आली तर तुम्हालाही बोलावीन, जिलबी तुमच्यासारखी कुणाला येत नाही. हे टोमणा म्हणून नव्हतं, खरंच नाही येत. त्यांना दोन्ही समजलं असावं. पान लावून दिलं मला.

२६ मे, सोमवार
तेरावं इंजेक्शन. गाठी हाताला लागत नाहीत. पण उन्हाने सुस्त. यांनी त्याच्यासाठी न्हाणीजवळ ओलं पोतं टाकून ठेवलं आहे, दर तासाला पाणी शिंपतात. मी विचारलं तर म्हणाले, "मातीच उडत होती म्हून शिंपलं."

२३ जून, सोमवार
सोळावं. शेवटचं. मधे तीन आठवडे पेशींमुळे गेले, म्हणून लांबलं. मुद्दाम अकोल्याला नेलं, बाईंच्या हातून व्हावं म्हणून.
बाईंनी सगळीकडे हात फिरवला. म्हणाल्या, "आत्ता काही नाही. पूर्ण बसलंय." मग खुर्ची ओढून बसल्या. "सुमनताई, हे परत येतं. कधी ते मला सांगता येणार नाही. दर महिन्याला दाखवा."
"आलं तं?"
"तेव्हा परत ठरवू. तेव्हाही तुम्हीच ठरवायचं."
माझ्याकडचा हिशेब चुकता होता, एक रुपयाही बाकी नाही, कुणाचा हातउसनाही नाही. बाईंनी ते पाहिलं, म्हणाल्या, कसं केलंत. म्हटलं, सैपाक करून. त्यांना वाटलं मी थट्टा करते.
परतीच्या वाटेवर रफिकभाऊ म्हणाला, पाव्हण्याचं बारसं परत करा, आता तो घरचा झाला. मी म्हटलं नाव तेच राहू दे. पाव्हण्याचा मान असतो, घरच्याला कोण विचारतं.

२१ जुलै, सोमवार
महिन्याचं दाखवणं. खांद्यापुढची एक गाठ बाईंना थोडी जाड वाटली. मला नाही वाटली, पण त्यांचे हात शिकलेले. सुई घालून थेंब घेतला. "कदाचित काहीच नसेल." बुधवारी फोन करते म्हणाल्या.
पा. टेबलावरून स्वतः उतरला. दारात आणखी एक म्हातारं कुत्रं बसलेलं, त्याला हुंगून पुढे गेला.
यांना सांगितलं. हे म्हणाले, "आलं तं आलं. आता आपल्याले रस्ता माहीत हाय."

२२ जुलै, मंगळवार
वाशीम. घरी बसले तर दिवसभर फोनकडे बघत बसेन, म्हणून काम काढलं. भांड्यांच्या दुकानात. किती वर्षं भाड्याच्या गंजात शिजवायचं. पल्लवी दुपारच्या सुट्टीत आली, हे आले, आणि पा. आला, रफिकभाऊच्या टेम्पोत, कारण त्याला घरी एकटं ठेवायला यांचं मन होईना.
चारशे पानांचा गंज घेतला, जाड बुडाचा. वाजवून पाहिला. दुकानदाराने दहा वेळा सांगितलं की हा आचारी लोक नेतात, घरी लागणार नाही.
नाव घालणारा माणूस बाहेर स्टुलावर, यंत्र घेऊन. विचारलं, "कोनाले भेट द्यायचा हाय?"
"भेट नाई. माहाच हाय."
"मंग काय टाकू?"
"सुमन देविदास. आचारी. इंझोरी."
त्याने वर बघितलं. यांच्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. "आचाऱ्याच्या पुढे बाई टाकू का?"
"नुसतं आचारी."
यंत्र किरकिरलं. पा.ने एक डोळा उघडला आणि मिटला. मिशा परत यायला लागल्या आहेत त्याच्या, बारीक, पांढऱ्या. पल्लवी वाकून अक्षरं वाचत होती, एकेक उमटेल तसं.
बाईंचा फोन उद्या. शनिवारी अडीचशे पान आहेत, त्याआधी नवा गंज राखेने घासून एकदा आधण ठेवायचं.